गाठीला कोण वाढवतं

९ ऑक्टोबर २०११

आज पुन्हा कप फुटला. डावीकडे ठेवलेला. दिसला नाही म्हणजे कसा नाही – तिथे कप नव्हता, टेबलाची कडही नव्हती, काहीच नव्हतं. तिलक म्हणाले, लक्ष कुठं असते तुझं? मी हसले. नवरा म्हणून एवढं बोलायचा हक्क आहे त्यांना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. काचा गोळा केल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

चौथा महिना सरत आला. या वेळी गर्भ टिकेल असं बाळंतपणाच्या डॉक्टर प्रेमिला मॅडम म्हणतात. मागच्या दोन वेळी तिसऱ्यातच गेलं होतं. म्हणून या वेळी सुरुवातीपासून प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं – दर आठवड्याला, कमरेत. आता तिथली जागा दगडासारखी टणक झाली आहे, आडवं होता येत नाही. छत्तिसाव्या वर्षी आणखी काय करायचं? डोळ्यांचं अशक्तपणानं असेल. नाहीतर चष्म्याचा नंबर.

१३ ऑक्टोबर

बारावीला हार्मोनचा धडा. फळ्यावर पेशी काढली, तिच्या अंगावर रिसेप्टर काढले. रक्तातून कितीतरी निरोप वाहत असतात, पण ज्या निरोपाचा रिसेप्टर पेशीजवळ आहे तेवढाच तिला ऐकू येतो – हे वाक्य मी दरवर्षी म्हणते. म्हणता म्हणता खडू फळ्याबाहेर गेला, भिंतीवर रेघ उमटली. पोरं हसली. फळा कुठे संपतो तेच दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर आरशासमोर उजवा डोळा झाकून बघितला. माझा अर्धा चेहरा गायब. दुसऱ्या अर्ध्यावर धुकं.

१८ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. एका यंत्रात हनुवटी ठेवायची, मधल्या दिव्याकडे एकटक बघायचं, बाजूला कुठे बारीक ठिणगी दिसली की हातातलं बटण दाबायचं. आधी डावा डोळा. दोन-चार दिसल्या. मग बराच वेळ काहीच होईना. मला वाटलं यंत्र बंद पडलं. तिथल्या बाईला विचारलं, थांबलं का हे? ती हळूच म्हणाली, "मॅडम, सुरूच आहे ना."

डॉक्टरांनी कागद बघितला आणि नागपूरला जा म्हणाले. कधी, विचारलं. म्हणाले, या आठवड्यात.

२१ ऑक्टोबर, नागपूर

गाठ आहे.

लिहून टाकलं. आता बाकीचं.

पोटात लेकरू म्हणून रंगाचं इंजेक्शन न देता एमआरआय केला. मेंदूचे डॉक्टर गहाणे म्हणून आहेत. त्यांनी पडद्यावर दाखवलं. मेंदूची नाही, मेंदूवरच्या आवरणाची गाठ – मेनिन्जिओमा. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, बरोबर त्याच्या खाली बसली आहे आणि नसांना वर ढकलते आहे. बोरापेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान. बहुतेक कॅन्सर नाही म्हणाले. तिलकनी एवढंच ऐकलं आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.

मी नाही टेकवली. पुढचं काय ते मला कळलं होतं. या गाठींच्या पेशींवर बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर असतात. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं, गाठ फुगते, नजर जाते. बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप उतरते, नजरही परत येते. पुष्कळदा – हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी इंजेक्शनांचं सांगितलं. इंजेक्शनांनीच झालं असं कोणी सिद्ध केलेलं नाही म्हणाले. पण बंद करता येतील का, ते तुमच्या मॅडमला विचारा.

म्हणजे जे लेकराला धरून ठेवतं तेच गाठीला वाढवतं.

आत्ता ऑपरेशन करता येईल, पण या दिवसांत रक्तस्राव फार. लेकरू हाती लागेल याची खात्री नाही. गर्भ काढून मग ऑपरेशन केलं तर माझ्या डोळ्यांना सगळ्यात बरं. पण विसाव्या आठवड्यानंतर कायदा हात लावू देत नाही, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच. नाहीतर थांबायचं. लेकरू बाहेर जगू शकेल इतकं होऊ द्यायचं आणि तोवर नजर तपासत राहायचं.

कुठल्या तुम्ही, त्यांनी निघताना विचारलं. घर मुर्रीला, माहेर बोदलकसा, मी म्हटलं. ते आमच्याच भागातले, सडक अर्जुनीकडचे निघाले. इतका वेळ पुस्तकासारखं बोलत होते, एकदम म्हणाले, "बाई, घाई नोको करू. पण उशीरही नोको करू."

२४ ऑक्टोबर

आज इंजेक्शनचा दिवस होता. प्रेमिला मॅडमनी सिरिंज भरून ठेवली होती. मी एमआरआयचा कागद पुढे केला. वाचून त्या खाली बसल्या. गहाणे सरांना फोन लावला, आतल्या खोलीत जाऊन बोलल्या. बाहेर आल्या आणि भरलेली सिरिंज टाकून दिली.

आता गर्भाची वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवते, म्हणाल्या. बहुतेक काही होणार नाही. बहुतेक! सगळे डॉक्टर याच एका शब्दावर उभे आहेत.

२६ ऑक्टोबर

दिवाळी. पणत्या लावल्या. मला निम्म्याच दिसल्या.

२९ ऑक्टोबर, बोदलकसा

भाऊबीजेला माहेरी आलो. खुमेंद्रला – माझ्या धाकट्या भावाला – अजून काही सांगितलेलं नाही. तो जेवायला वाढताना माझ्या हाताशी पाण्याचा पेला ठेवत होता आणि मी शोधत होते. त्याच्या बायकोला वाटलं मी रुसले आहे.

संध्याकाळी तिलक आणि मी तलावाच्या पाळीवर गेलो. थंडीची पाहुणी बदकं यायला लागलीत. ते बघ, तिकडं, असं ते बोट दाखवत राहिले. मी हो हो म्हणत राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की मी भलतीकडेच बघून हो म्हणते आहे. बोट खाली केलं. मासेमारांचा एक डोंगा काठाला लागला.

मग म्हणाले, "मले तू पायजे. बाकी काई नाई."

राइस मिलमध्ये फोरमन आहेत. दिवसभर यंत्राच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. हे इतकं हळू बोलले की मला पुन्हा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. म्हणाले, उद्या नागपूरला फोन करतो, तारीख घेतो. दोघंच राहू, काय बिघडते?

तेवढ्यात पोटात हललं. पहिल्यांदा. मासळीनं शेपूट मारावी तसं. त्यांना सांगितलं नाही.

२ नोव्हेंबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर कोणाचं तरी नाव घेतील, कोणी काही केलं म्हणतील. धानाची कापणी चालू आहे, त्या नुकत्याच बांधावरून आलेल्या, पायाला चिखल. ओसरीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं. तीन-चार गोष्टी विचारल्या. गाठ बाहेर काढता येते का? लेकराले धोका कशाचा? थांबलीस तं डोळे वापस येतीन का? मी म्हटलं, पुष्कळदा येतात.

मग म्हणाल्या, "माह्या मनाले विचारशीन तं मले नातू पायजे. म्हणून माह्या मनाले विचारू नोको."

उठून पाय धुवायला गेल्या.

५ नोव्हेंबर

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून वाचते आहे. अक्षरं मोठी करून, उजव्या डोळ्यानं. एमएस्सीला पेशीशास्त्र होतं म्हणून निम्मं तरी कळतं. वाचलं नसतं तर बरं, असंही वाटतं.

गाठ एकट्या प्रोजेस्टेरॉनवर जगत नाही. ग्रोथ फॅक्टर म्हणून प्रथिनं असतात, पेशीला वाढ म्हणून सांगणारी. एक नव्या रक्तवाहिन्या फुटवतं. त्या कच्च्या असतात, गळतात, म्हणून सूज. एक पेशींना एकीच्या दोन व्हायला लावतं. त्यांचेही रिसेप्टर गाठीवर सापडतात. आणि हीच प्रथिनं वारेत असतात! हीच लेकराचे हात, पाय, डोळे घडवतात. दोघांचा खुराक एकच. माझ्या अंगात एका वेळी दोन गोष्टी वाढताहेत आणि मी एकीला उपाशी ठेवून दुसरीला जेवू घालू शकत नाही.

दोन वेळा माझ्या शरीरानं मला न विचारता ठरवलं. या वेळी मी ठरवणार. थांबायचं.

तिलकना सांगितलं. त्यांनी डबा घेतला आणि मिलला गेले.

६ नोव्हेंबर

घरी बोलणं बंद. सासूबाई दोघांना वेगवेगळं वाढतात.

१४ नोव्हेंबर

सकाळी कपड्यावर रक्त दिसलं. जास्त नाही. पण मागच्या दोन्ही वेळी असंच सुरू झालं होतं, असंच थोडं, असंच सकाळी.

इंजेक्शनं बंद केली म्हणून. मी बंद केली. मी डोळ्यांसाठी बंद केली. भिंतीला धरून न्हाणीत उभी राहिले आणि दुसरं काही डोक्यात येईना. तिलक मिलवरून धावत आले, अंगभर कोंडा. ऑटोत माझा हात धरून बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्पर्श.

प्रेमिला मॅडमनी सोनोग्राफी केली. ठोके आहेत. वार थोडी खाली आहे, त्यामुळे असेल. आडवं पडून राहायचं. तिलकनी ठोके ऐकले आणि तोंड भिंतीकडे केलं. मला पाठ दिसली, हलत होती. ज्याला नको म्हणत होते त्याच्यासाठी.

१६ नोव्हेंबर

रक्त थांबलं.

३ डिसेंबर, नागपूर

पुन्हा ते यंत्र. पुन्हा सुरूच आहे ना मॅडम. डाव्या डोळ्याचं जवळपास सगळं काळं आलं, उजव्याचाही वरचा कोपरा गेला. कागद बघताना गहाणे सर ओठ चावतात – ही त्यांची खूण आता मला कळते. सुजेसाठी स्टेरॉइड सुरू केलं, लेकराच्या फुप्फुसांनाही बरं म्हणाले.

मी विचारलं, ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर बंद करणारी औषधं निघाली आहेत ना? वाचलंय मी. ते म्हणाले, निघाली आहेत, दुसऱ्या कॅन्सरांना देतात, या गाठींवर अजून चाचपून बघताहेत. पण तुम्हाला आज देताच येणार नाहीत. तेच रिसेप्टर बंद केले तर आतलं बाळ वाढेल कशावर?

मला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

गाठीच्या पेशींवर खरंच प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आहेत का, हेही विचारलं. ते म्हणाले, तुकडा हातात आल्याशिवाय सांगता येत नाही. बहुतेकींवर असतात म्हणून आपण धरून चालतो.

१९ डिसेंबर

कॉलेजला रजा टाकली. प्राचार्यांनी कारण विचारलं तर बाळंतपण म्हटलं. खोटं नाही. शेवटच्या तासाला वर्ग ओळखीनं चालवला – आवाज कुठून येतो त्यावरून. एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, मॅडम, साडीला मागून खडू लागलाय, झटकू का? मला वाटलं हिला सगळं माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत असेल.

७ जानेवारी २०१२

आता जाड स्केचपेननं लिहिते. एका पानावर सहा-सात ओळीच मावतात. ओळीवर ओळ चढते.

लाखोळीच्या पाल्याची भाजी केली होती. ताटात कुठे आहे ते बोटानं शोधलं. स्टेरॉइडनं तोंड सुजलंय, असं सासूबाई म्हणाल्या. मला आरशात दिसत नाही, एवढं बरं.

आत लाथा मारते. मारतो. जे काय असेल ते. जोरात, तब्येतीनं. सगळे हात लावून खूश होतात. आणि माझ्या मनात काय येतं? येतं की तू मजेत आहेस. माझी नजर खाऊन मजेत आहेस. हे कोणाला सांगू? आई होणाऱ्या बाईनं असं म्हणायचं असतं का? इथे लिहिते. इथे कोणी वाचत नाही. मलाही आता परत वाचता येणार नाही.

२१ जानेवारी

डाव्या डोळ्याला फक्त उजेड कळतो. खिडकी आहे की नाही एवढंच. गहाणे सरांनी टॉर्च मारली, कुठून येतो विचारलं. चुकलं.

उजवा वाचवायचा तर लवकर मोकळं व्हायला हवं, म्हणाले. पण प्रेमिला मॅडमच्या मते बाळाला आणखी थोडे दिवस मिळाले तर काचेच्या पेटीत कमी राहावं लागेल. मी म्हटलं, द्या थोडे दिवस. तिलक एकदम उठले. खुर्ची मागे पडली. म्हणाले, "अजून किती देशीन? संपवून टाकशीन का सगळं?"

बाहेर गेले. डॉक्टरांनी खुर्ची उभी केली.

परत येताना आगगाडीत ते माझ्या उजव्या बाजूला बसले. त्यांना माहीत आहे, तिथून थोडं दिसतं.

८ फेब्रुवारी, नागपूर

उद्या सिझेरियन. भीती वाटून राहिली. लेकराची नाही. लेकरू दिसलं नाही तर, याची.

१२ फेब्रुवारी

मुलगी. लहानशी आहे पण श्वास स्वतः घेते. पेटीत थोडाच वेळ ठेवली.

माझ्याजवळ आणून दाखवली. डोळ्यांसमोर धरली, मग उजवीकडे सरकवली, मग आणखी जवळ. एक गुलाबी डाग. आवाज मोठा होता. सगळे विचारत होते, दिसली? दिसली? मी हो म्हटलं.

आता गाठ उतरेल. वार निघाली, प्रोजेस्टेरॉन गेलं. आता रोज थोडं थोडं दिसायला लागेल.

२७ फेब्रुवारी, मुर्री

रोज सकाळी खिडकीसमोर उभी राहते. डावा डोळा – खिडकी. फक्त खिडकी.

तिलकनी मुलीचं नाव हर्षिता ठेवलं. मला विचारलं होतं, मी काहीही ठेवा म्हटलं होतं. बाळ सासूबाईंजवळ असते. दूध पाजायला आणून देतात, झालं की घेऊन जातात. म्हणतात, बाईची तब्येत बरी नाही. तब्येत ठीक आहे माझी. मलाच तिला जवळ घ्यायचं नसतं, हे सासूबाईंना कळलंय.

१५ मार्च

काही नाही. उजव्या डोळ्याची नजरही आणखी आत आली – नळीतून बघावं तसं. डॉक्टरांना फोन केला. कधी कधी वेळ लागतो म्हणाले.

शेजारच्या सुशीलाबाई बाळ बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, पोरीनं आईचे डोळे घेतले, बघा कसे टपोरे आहेत. त्यांच्या मनात काही नव्हतं. सासूबाई मात्र भांडी आदळायला लागल्या. सुशीलाबाई चहा न घेताच गेल्या.

वाईट याचं वाटतं की मला ते खरं वाटलं.

३ एप्रिल, नागपूर

एमआरआय. या वेळी रंगाचं इंजेक्शन देऊन. गाठ उतरली नाही. वाढली आहे. गहाणे सर दोन चित्रं शेजारी शेजारी लावून बघत होते, मला ती दिसत नव्हती.

"उतराले पायजे होती," म्हणाले. स्वतःशीच.

मग पुस्तकी मराठीत – आता थांबण्यात अर्थ नाही. कवटीतून जावं लागेल. डावा डोळा परत येईल असं वचन देत नाही. उजवा राहील असा प्रयत्न करतो. गाठ मेंदूच्या मोठ्या धमनीला चिकटली आहे, तेवढा भाग ठेवावा लागेल. तुकडा तपासायला पाठवू.

सही करताना तिलकनी माझा हात कागदावर नेऊन ठेवला. कुठे करायची ते दाखवायला.

१० एप्रिल

उद्या. केस काढले. सासूबाई मुर्रीहून बाळाला घेऊन आल्यात, दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून असतात. आज दूध पाजताना तिनं माझं बोट धरलं. सोडवून घेतलं मी.

उद्या काही झालं तर हे शेवटचं लिहिणं होईल. म्हणून खोटं लिहिणार नाही. ती मला आवडत नाही. तिची चूक नाही हे कळतं. तरी नाही.

२५ एप्रिल

डोक्याला पट्टी. पण ओळ दिसते! मी ओळीवर लिहिते आहे! बॉलपेननं.

डावा गेला. उजव्याची नळी रुंद झाली आहे. पट्टी सोडायला आलेली नर्स, तिच्या खिशातलं लाल पेन, तिलकची पांढरी झालेली दाढी. कधी पांढरी झाली? विचारलं तर म्हणाले, दिवाळीपासूनच होती.

धमनीजवळचा थोडा भाग राहिला आहे. तुकडा मुंबईला पाठवला.

६ मे, मुर्री

आज हर्षिताला उजेडात बघितलं. खरंच टपोरे डोळे आहेत. रंग तिलकचा, कपाळ खुमेंद्रसारखं. ओसरीवर चटईत पडून पंख्याकडे बघत होती. किती वेळ बघत बसले. छान आहे.

पण उचलायला हात पुढे झाले नाहीत. तिच्याकडे बघितलं की डावीकडचा अंधार आठवतो. तू हवी होतीस म्हणून. तुझ्या निरोपावर वाढली ती गाठ. सासूबाई दारातून बघत होत्या. मी उठून आत आले.

१४ मे

गहाणे सरांचा फोन. मुंबईहून उत्तर आलं.

प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर नाहीत. एकाही पेशीवर नाहीत. गाठ स्वतःच ग्रोथ फॅक्टर बनवते आणि ते ऐकणारे रिसेप्टरही स्वतःच्याच अंगावर दाटीनं उभे करते. बाहेरून कोणी सांगायची तिला गरजच नव्हती. अशी गाठ साधी नसते, परत येते. रेडिएशन लागेल, कायम नजर ठेवावी लागेल – सगळं त्यांनी समजावून सांगितलं. मी ऐकलं. मग विचारलं, म्हणजे गरोदरपणामुळे नाही? रक्त वाढतं म्हणून थोडी सूज आली असेल, म्हणाले, पण गाठीला वाढवणारं ते नव्हतं. "लेकराचं काई नाई त्यात, बाई. तिची हाक त्या गाठीले ऐकूच येत नव्हती."

थांबायचं मी ठरवलं होतं. पोर नुसती तिच्या जागी वाढत होती.

ओसरीवर गेले. सासूबाईंच्या मांडीवरून तिला उचललं. उजव्या खांद्याशी धरलं, मला दिसेल अशी.